समजा, शहर सपाट आहे

अर्थशास्त्र शिकणाऱ्याला नातेवाईक शेअर बाजाराबद्दल विचारतात, नागरी अर्थशास्त्र शिकणाऱ्याला फ्लॅटबद्दल. मुलगी असेल तर आधी लग्नाचं विचारतात आणि मग फ्लॅटचं. लग्नाच्या पंगतीत, बारशाला, बाराव्याला, दाताच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेलं असताना, प्रश्न एकच: ‘‘आता घ्यावा का थांबावं?’’ आपण घसा खाकरून मागणी, पुरवठा, व्याजदर असं काही सुरू करेपर्यंत विचारणाऱ्याचं लक्ष उडालेलं असतं. त्याने अंबरनाथला टोकन देऊन टाकलेलं असतं. त्याला आता फक्त कुणीतरी ‘छान केलंत’ म्हणायला हवं असतं.

आमच्या एका काकांनी तर मला सुरुवातच करू दिली नाही. त्यांनी पनवेलला जागा घेतली त्याचं कारण एकच, ‘विमानतळ येतोय.’ पुढे त्यांची मुलं शाळेत गेली, शाळेतून बाहेर पडली, नोकरीला लागली, आणि विमानतळ आपला येतच होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, तेव्हा काकांच्या बिल्डिंगमधला भाव जागचा हलला नाही. जे वाढायचं ते ‘येतोय, येतोय’च्या काळातच वाढून झालं होतं. यावर पाठ्यपुस्तकात अख्खं प्रकरण आहे: उद्याचा फायदा आजच्या जमिनीच्या किमतीत आधीच मुरलेला असतो. प्रकरणात तीन आकृत्या आणि एक कलनशास्त्राचं समीकरण आहे. काका म्हणाले, ‘‘विमानाआधी भाव उडतो गं. यात शिकायचं काय?’’

मी हा विषय घेतला तो शहरांच्या ओढीने नव्हे. एम.ए.ला ऐच्छिक विषय असतात आणि मुंबईत ते वेळापत्रक बघून निवडले जातात. नागरी अर्थशास्त्राचा तास अकराला होता, म्हणजे सकाळची गर्दी चुकवून येता येत होतं. श्रमाचं अर्थशास्त्र सव्वाआठला होतं. परिणामी त्या वर्गात सगळे दादर-माटुंग्याचे आणि आमच्या वर्गात सगळे कल्याण, विरार, पनवेल. पहिल्या दिवशी मॅडमनी प्रत्येकाला विचारलं, हाच विषय का? ‘शहरीकरणाची आव्हाने’ हे उत्तर बाकांवरून रांगेने पुढे सरकत गेलं. मॅडम स्वतः वसईहून येत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ‘‘बरं’’ म्हणून खडू उचलला.

या शास्त्राची सुरुवात एका शेतकऱ्याने केली आहे, हे ऐकून वर्ग जरा सुखावला. योहान हाइनरिश फॉन थ्यूनेन हा उत्तर जर्मनीतला जमीनदार. शेतीचे हिशेब नेटके ठेवणारा. १८२६ साली त्याने एक पुस्तक लिहिलं आणि त्यात म्हटलं: समजा, एक सपाट मैदान आहे. नदी नाही, डोंगर नाही, माती सगळीकडे सारखी. मधोमध एकच गाव. तर गावाला लागून दूध आणि भाजी पिकेल, कारण ती नासते. तिच्यामागे जळाऊ लाकडाचं रान, कारण लाकूड वाहून आणायला जड. त्याच्यामागे धान्य. आणि सर्वांत लांब गुरं, कारण ती आपल्या पायांनी चालत बाजारात येतात. पुढे १९६४ साली विल्यम अलोन्सोने या मैदानातली पिकं उपटून तिथे माणसं लावली. गावाच्या जागी कचेऱ्या आल्या. कचेरीजवळ राहाल तर भाडं जास्त, लांब राहाल तर प्रवास जास्त. ज्याने त्याने आपला हिशेब करावा आणि आपापल्या वर्तुळात जाऊन बसावं. त्याच दशकात मिल्स आणि म्यूथ या दोघांनी त्यावर गणित चढवलं आणि परीक्षेत विचारण्याजोगा विषय तयार झाला.

सर्वांत लांबच्या वर्तुळात जे आपल्या पायांनी चालत बाजारात येतं ते, हा थ्यूनेनचा नियम आमच्या वर्गातल्या कर्जतच्या मुलाला एका झटक्यात पटला. इतर सिद्धान्तांना त्याला वेळ लागायचा.

फळ्यावर वर्तुळं काढून झाली की मॅडम म्हणायच्या, ‘‘आता मुंबई बघू.’’ इथे गंमत सुरू व्हायची. वर्तुळाचा मध्य फोर्टात ठेवला की अर्ध्याहून जास्त वर्तुळ समुद्रात जातं. तिथे चढी बोली लावायला बांगडे आणि बोंबील. मुंबईकरांनी पुस्तकाचा मान राखायचा प्रयत्न केला नाही असं नाही. समुद्रात भराव टाकून वर्तुळ पुरं करायला घेतलं. बॅक बेचा पहिला मोठा बेत अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर, १८६५ साली, कापसाच्या भावाबरोबर आणि शेअरच्या सट्ट्याबरोबर बुडाला. पुढच्या शतकात भराव पडला, त्यावर नरिमन पॉइंट उभा राहिला, तिथे कचेऱ्या नीट बसतात न बसतात तोच त्यांतल्या बऱ्याच उठून वांद्रे-कुर्ला संकुलात गेल्या. सगळ्या शहराला रोज केंद्राकडे यायला लावून शेवटी केंद्रच कंटाळलं आणि गाडी पकडून उत्तरेला निघालं.

पुस्तकातली भाड्याची रेषा केंद्रापासून हळूहळू, अलगद उतरत जाते. मुंबईतल्या रेषेला पायऱ्या आहेत आणि पायरी तिथेच असते जिथे फास्ट गाडी थांबते. ठाणे, डोंबिवली, कल्याण. डोंबिवली आणि कल्याणच्या मध्ये ठाकुर्ली आहे, पण बिल्डरच्या जाहिरातीत ठाकुर्ली कधीच नसतं. तिथला प्रत्येक फ्लॅट ‘डोंबिवली स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ असतो. कोणाची पाच मिनिटं, ते दिलेलं नसतं. रात्री अडीच वाजता ॲम्ब्युलन्समधून, असं गृहीत धरावं.

गृहीतकांचा एक दोष असा की ती हळूहळू घरी येतात. एका रविवारी जेवताना मी सहज म्हणाले की लोकलचा पास स्वस्त ठेवला तर त्याचा फायदा प्रवाशाला फारसा मिळत नाही. प्रवास स्वस्त झाला की लांबची जागा लोकांना परवडण्याजोगी वाटते, मग तिथे मागणी वाढते, जागेचा भाव चढतो, आणि पासात वाचलेले पैसे आपण घराच्या हप्त्यात भरतो. म्हणजे रेल्वे सोसते तोटा आणि जमिनीवाल्याचं भरतं घर. अलोन्सोच्या आकृतीत हे अगदी स्वच्छ दिसतं. बाबांनी जन्मभर डोंबिवली ते बोरीबंदर केलं होतं. त्यांचा घास हातातच राहिला.

‘‘म्हणजे पासाचे पैसे वाढवायला पाहिजेत, असं तुझं म्हणणं?’’

‘‘माझं नाही बाबा, सिद्धान्ताचं.’’

‘‘त्या सिद्धान्ताला म्हणावं सकाळी आठला ये डोंबिवलीला. चढून दाखव. मग बोलू.’’

गंमत म्हणजे बाबा स्वतः अव्वल दर्जाचे नागरी अर्थशास्त्री. डोंबिवलीहून मुंबईला जायचं तर ते आधी उलट्या दिशेने कल्याणला जात, तीच गाडी पुन्हा मुंबईकडे फिरली की तिच्यात बसून येत. याला ‘रिटर्न जाणं’ म्हणतात आणि हे करणारी माणसं हजारोंनी आहेत. परदेशातला अभ्यासक एका सीटची किंमत काढायला सर्वेक्षण करील. इथे ती प्लॅटफॉर्मवर लिहिल्यासारखी दिसते: बसायला मिळावं म्हणून माणूस जितकी मिनिटं उलटा प्रवास करायला तयार आहे, तितकी. वय वाढतं तशी ही किंमतही वाढते. चाळिशीपर्यंत बाबा डोंबिवलीलाच लटकत. पंचेचाळिशीनंतर कल्याण. निवृत्तीच्या सुमाराला तर ते चौथ्या सीटकडे ढुंकूनही बघत नसत. खिडकी मिळाली नाही तर पुढची गाडी.

प्रवासातल्या तासाची किंमत काय धरावी, यावर या शास्त्रात फार लेखन झालं आहे. ढोबळ नियम असा की माणसाच्या तासाच्या मजुरीच्या साधारण निम्मी. म्हणजे तो तास वाया गेला, पण पुरता नाही. हा नियम ज्यांनी काढला ते संध्याकाळच्या लेडीज डब्यात आलेले नसावेत. दादरला मेथीची जुडी पिशवीतून बाहेर येते. मांडीवर कालचा पेपर. उजव्या हाताचं नख देठाशी लागतं, पानं एका पिशवीत, काड्या दुसरीत. नजर मेथीवर नाही, समोरच्या बाईवर, कारण तिच्या नणंदेचं प्रकरण कालच्या गाडीत अर्धवट राहिलेलं आहे. घाटकोपरला मेथी संपते. मुलुंडपर्यंत लसूण. ठाण्याला शेजारचीने घेवड्याच्या शेंगा पुढे केल्या की त्याही मोडल्या जातात, मोबदल्यात नणंदेचा पुढचा भाग. डोंबिवलीला उतरताना रात्रीच्या स्वयंपाकाची निम्मी तयारी पिशवीत आणि एका कुटुंबाचा निकाल लागलेला. आता या तासाची किंमत उणे धरायची की अधिक, हे मी ट्यूटोरियलमध्ये विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, वेस्टर्नला गवार असते.

पण या मेथीची नोंद कुठेच नाही. जनगणनेत एखादं गाव शहर कधी म्हणायचं याची व्याख्या आहे: लोकसंख्या किमान ५०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. पुरुषांपैकी. गावातल्या बायकांनी भात लावला काय, शिवणकाम केलं काय किंवा अग्निबाण सोडले काय, गाव शहर व्हायचं असेल तर पुरुषांच्या भरवशावरच.

गर्दीचा तास हा या विषयातला सगळ्यांचा आवडता भाग, कारण त्यावर सगळ्यांचं मत असतं. कोलंबिया विद्यापीठातल्या विल्यम विकरी यांनी १९५०च्या दशकातच न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेसाठी सुचवलं होतं की गर्दीच्या वेळी तिकीट जास्त घ्या. विकरींना पुढे नोबेल मिळालं, तेही मुख्यतः दुसऱ्या कामासाठी. सिंगापूरने १९७५ पासून, लंडनने २००३ पासून गर्दीत गाडी घालणाऱ्या मोटारवाल्यांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली. खुद्द न्यूयॉर्कने आपल्या प्राध्यापकाचं म्हणणं जानेवारी २०२५ मध्ये ऐकलं, आणि तेही मोटारींपुरतं. मॅडमनी आम्हाला गृहपाठ दिला: सकाळच्या फास्ट लोकलसाठी गर्दीच्या वेळचं योग्य जादा भाडं काढा. एरवी चहा कुठे प्यायचा यावरही एकमत न होणारा आमचा वर्ग. सगळ्यांचं उत्तर शून्य. विरारच्या मुलाने मात्र कारणमीमांसा दिली होती. जादा भाडं लावलं म्हणून माणूस उशिरा निघणार नाही, कारण मस्टर उशिरा होत नाही. सबब आकार प्रवाशावर न लावता साडेनऊच्या मस्टरवर लावावा. त्याला वर्गात सर्वाधिक मार्क पडले. वास्तविक विकरींचा प्रयोग आपल्याकडे फर्स्ट क्लासच्या नावाने कधीचा चालू आहे. पैसे कितीतरी पट, गर्दी तीच, फक्त अत्तर महाग.

मग प्रकल्प. प्रकल्पात बाहेर जाऊन लोकांना प्रश्न विचारायचे असतात आणि त्या प्रश्नांची भाषा घरी ठरवायची असते. माझा विषय स्टेशनाबाहेरचे फेरीवाले. पुलाच्या जिन्याखाली भाजी विकणाऱ्या मावशींना मी पहिला प्रश्न वाचून दाखवला: ‘‘आपण सदर जागेची निवड कोणत्या निकषांवर केली?’’

मावशींनी मिरच्यांवर पाणी मारलं. ‘‘म्युन्सिपाल्टीतून आलीस?’’

‘‘नाही, कॉलेजातून.’’

‘‘मग बस खाली क्रेटवर. उभी राहिलीस की माल झाकतो.’’

क्रेटवर बसल्यावर जे ऐकायला मिळालं ते दोन सत्रांत झालं नव्हतं. पुलाला दोन जिने. पुढच्या जिन्याने उतरणारे रिक्षाच्या रांगेकडे पळतात. त्यांच्या हातात रिक्षासाठी काढलेले सुटे असतात आणि डोकं रांगेत असतं. ते भाव करत नाहीत. मागच्या जिन्याने उतरणारे चालत घरी जातात, त्यांना सवड असते, ते कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून बघतात आणि ठेवून देतात. म्हणून पुढच्या जिन्याला कोथिंबीर, लिंबू, मिरची, आलं, कढीपत्ता, म्हणजे चालताचालता घेता येईल असा दहा-वीसचा माल. मागच्या जिन्याला कांदे-बटाटे. ‘‘कांदा पसरायला जागा लागते बाई. इथली जागा कांद्याला परवडत नाही.’’ मी थ्यूनेनच्या पुस्तकातली वर्तुळं आठवली आणि गप्प बसले. दहा पावलं मागे सरकलं तर धंदा निम्मा होतो, आणखी दहा पावलं गेलं तर घरीच बसावं. भाड्याची जी रेषा अलोन्सोने अख्ख्या शहरावर काढली ती मावशींनी वीस पावलांत काढून दाखवली.

‘‘आणि या जागेचं भाडं?’’

‘‘रस्त्याला कसलं भाडं?’’

‘‘म्हणजे काहीच द्यावं लागत नाही?’’

त्यांनी माझ्या कागदाकडे मान केली. ‘‘तुझ्या त्यात आहे का हा प्रश्न?’’

नव्हता.

‘‘मग नको विचारू.’’

तेवढ्यात कुठूनशी शीळ आली, ‘‘गाडी, गाडी!’’ असा एक कुजबुजता ओरडा रांगेतून सरकला. २०१७ साली उच्च न्यायालयाने स्टेशनापासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केलेली आहे, आणि अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की ते दीडशे मीटर अचानक खरे होतात. मावशींनी ताडपत्रीची चारही टोकं एका मुठीत धरली आणि दुकानाचं गाठोडं झालं. मी अजून पेनाचं टोपण शोधत होते. व्यवसायाचं स्थलांतर हा खर्चिक आणि संथ निर्णय असतो, असं आमच्या पुस्तकात म्हटलेलं होतं. क्रेट मात्र राहिला. तो माझ्या ताब्यात देऊन त्या गेल्या आणि मी एक कोरी प्रश्नावली आणि एक रिकामा क्रेट घेऊन, अतिक्रमण म्हणून, तिथे उभी राहिले.

बाकीचा अभ्यासक्रम भराभर उरकला. एकाच मालाची दुकानं एकमेकांना चिकटून का असतात, यावर आल्फ्रेड मार्शलने १८९० साली लिहून ठेवलंय की धंद्यातल्या खुब्या तिथल्या हवेतच असतात. लोहार चाळीत विजेचं सामान, अप्पा बळवंत चौकात पुस्तकं. मार्शलच्या हिशेबात आमची आई नव्हती. ती एका पंख्यासाठी लोहार चाळीतली एकूण एक दुकानं पालथी घालते आणि पहिल्या दुकानात परत येऊन पंखा घेते. दुकानं लांब लांब असती तर आमच्या घरी पंखा आलाच नसता. झिफचा नियमही झाला. देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर पहिल्याच्या निम्मं, तिसरं एक-तृतीयांश, असं गणित जमावं म्हणतात. महाराष्ट्रात जमत नाही. २०११च्या जनगणनेत मुंबई १ कोटी २४ लाख आणि पुणे ३१ लाख. आमच्या वर्गातल्या एकुलत्या एका पुणेकराने याचं कारण सांगितलं: पुण्याला दुसरा क्रमांक मान्यच नाही, तेव्हा नियम लागू होत नाही. याच पुण्यात धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतर्फे घरोघर पाहणी करून १९४५ साली शहराच्या आर्थिक-सामाजिक पाहणीचा पहिला भाग छापला. भारतीय नागरी अर्थशास्त्रातलं हे मोठं काम, आणि ते का मोठं हे कळायला पुण्यात अनोळखी माणसाचं दार वाजवून ‘आपलं उत्पन्न किती?’ असं विचारून बघावं.

भाडेनियंत्रणावर मात्र थांबायला हवं, कारण परदेशी पुस्तकांत त्याला एक पान असतं आणि मुंबईत त्याने तीन पिढ्यांची लग्नं लावून दिली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, मुंबईचा भाडे कायदा झाला आणि जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली गेली. तात्पुरती. पुस्तकातल्या आकृतीत एक आडवी रेघ असते, कमाल भाड्याची. तिच्यामुळे जागा कमी पडतात आणि मालक दुरुस्ती सोडतो, एवढं सांगून आकृती संपते. गिरगावात ती पुढे चालू राहते. भाडं मोबाइलच्या रिचार्जपेक्षा कमी. मालक ते वसूल करायला टॅक्सीने आला तर त्या महिन्यात तोट्यात, आणि रिक्षा तर शहरात येऊच देत नाहीत. म्हणून तो येत नाही, भाडं मनीऑर्डरने जातं, तो घेत नाही, मग ते कोर्टात भरलं जातं. आकृतीतलं छत जागच्या जागी राहतं आणि खऱ्या छताचे पोपडे आमटीत पडतात. दुरुस्तीसाठी १९६९ साली सरकारने वेगळा कायदा केला, इमारती ‘उपकरप्राप्त’ झाल्या, जणू त्यांना पदवीच मिळाली. जागा विकता येत नव्हती म्हणून पागडी होती. पागडी बेकायदा म्हणून ती पिशवीतून जायची. शेवटी १९९९च्या कायद्याने तिला मान्यता दिली आणि भाडं वर्षाला चार टक्के वाढवायची मुभा दिली. जवळजवळ काहीच नाही याचे चार टक्के किती होतात, हे काढायला एम.ए. लागत नाही.

तरीसुद्धा मला त्या आकृतीचा राग येतो. तिच्यात भाडेकरू हा एक ठिपका असतो, आणि बाजारभाव लावला की तो ठिपका सुखाने उजवीकडे सरकतो. गिरगावातला ठिपका उजवीकडे सरकला की नालासोपाऱ्याला पोचतो.

आमची डोंबिवलीची सोसायटी पागडीची नाही, पण तिचंही आता वय झालं. चार मजले, लिफ्ट नाही, गच्चीवर पत्रे. रीडेव्हलपमेंटचा विषय निघाला आणि मला कळलं की आपण दोन वर्षं भलत्याच ठिकाणी शिकत होतो. चटईक्षेत्र निर्देशांक समजावायला मॅडमनी दोन तास घेतले होते. १९९१ च्या नियमावलीत मुंबई शहरात तो १.३३ आणि उपनगरांत १, म्हणजे सोन्याच्या भावाच्या जमिनीवरही मजले मोजूनमापून, हे आम्ही वहीत उतरवून घेतलं होतं. सोसायटीच्या सभेत तो शेंगदाणे खाताखाता बोलला जातो. टीडीआर, फंजिबल, कॉर्पस, कार्पेट. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना रेराचे नियम पाठ. पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, तीही कधीची जमलेली. पण बिल्डरला सगळ्यांच्या सह्या हव्यात आणि पहिल्या मजल्यावरचे काका सही करत नाहीत. का करत नाहीत, ते सांगत नाहीत. दर सभेला येतात, पहिल्या रांगेत बसतात, चहा घेतात, खारी घेतात आणि ‘‘बघू’’ म्हणतात.

‘‘तू यातलंच शिकलीस ना?’’ सेक्रेटरी एकदा भर सभेत म्हणाले. ‘‘मग सांग की काकांना चार शब्द.’’

मी उभी राहिले. सांगितलं की रोनाल्ड कोस नावाचे एक फार मोठे अर्थशास्त्रज्ञ होऊन गेले. १९६० साली त्यांनी दाखवून दिलं, की कोणाचा हक्क काय हे एकदा स्पष्ट असलं आणि बोलणी करायला खर्च येत नसला, तर माणसं आपसांत देवघेव करून सगळ्यांच्या फायद्याचा तोडगा काढतात.

‘‘खर्च कसा येत नाही?’’ खजिनदार म्हणाले. ‘‘दर सभेला चहा-खारीचे साडेचारशे होतात.’’

‘‘कोणाचा हक्क काय, ते आधी ठरू दे,’’ काका पहिल्यांदाच सविस्तर बोलले. ‘‘माझ्या खिडकीसमोरची मोकळी जागा माझी का सोसायटीची? स्कूटर तिथे मी लावतो एकोणीसशे नव्वदपासून.’’

‘‘ती कॉमन जागा आहे!’’ तिसऱ्या मजल्यावरून, म्हणजे तिसऱ्या रांगेतून.

‘‘तर मग ते जे कोण गृहस्थ आहेत, त्यांना विचारा. त्यांचं म्हणणं काय आहे पार्किंगबद्दल?’’

मी सांगितलं, ते असं म्हणतील की काकांना दोन पार्किंग द्या आणि विषय मिटवा. यावर एवढा गोंधळ झाला की अध्यक्षांना टेबलावर कपबशी आपटावी लागली. दोन पार्किंग कोणालाच मंजूर नव्हती, आणि सभासद नसलेल्या माणसाची सूचना सभेपुढे आलीच कशी, असा कायदेशीर मुद्दाही निघाला. सेक्रेटरी या गदारोळातही खाली मान घालून लिहीत होते. इतिवृत्त दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या फळ्यावर लागलं:

‘विषय क्र. ४. श्री. आर. कोस (बिगर-सभासद) यांची दोन पार्किंगबाबतची सूचना वाचून दाखवण्यात आली. सदर गृहस्थांनी सूचना लेखी स्वरूपात, दोन प्रतींत, कार्यालयीन वेळेत सादर करावी असे ठरले. चहापानानंतर सभा संपली.’